आठव्या दिवसानंतर

व्यसनाचं विज्ञान : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण टर्कीपाशी, म्हणजे नशा बंद केल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासापाशी थांबलो होतो. १९८०च्या दशकात मुंबईत गर्द (अशुद्ध हेरॉईन) पसरली, तिच्या मागोमाग हा शब्दही पसरला. शेवटचा झुरका घेतल्याला आठ-बारा तास झाले की नाक-डोळे वाहू लागतात. जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पोटात मुरडा पडतो आणि हाडं कुणीतरी आतून पिळतंय असं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी याचा कळस होतो. मग हळूहळू ओसरतं आणि आठवडाभरात माणूस उठून बसतो.

त्या आठव्या दिवशी घरात काय होतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. पोरगा आपणहून जेवायला मागतो. रात्री दोन-तीन तास का होईना, झोपतो. आई देवाजवळ दिवा लावते आणि वडील कितीतरी दिवसांनी कुणाला तरी फोन करून म्हणतात, ‘‘सुटला एकदाचा.’’ या सुटकेच्या भावनेबद्दल मला आज लिहायचं आहे. ती अगदी स्वाभाविक आहे आणि तिच्यामुळे माणसं दगावतात.

२००३ साली लंडनच्या जॉन स्ट्रँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा लेख लिहिला. रुग्णालयात राहून अफूवर्गीय नशा उतरवण्याचे उपचार घेतलेल्या १३७ जणांचं पुढे काय झालं, हे त्यांनी शोधलं होतं. त्यांचे तीन गट पडत होते. काही जण उतार पुरा होण्याआधीच निघून गेले होते, काही जण उतार संपल्यावर पण कार्यक्रम अर्धवट सोडून गेले होते आणि ३७ जणांनी सगळं शिस्तीत पूर्ण केलं होतं. बाहेर पडल्यावर पहिल्या चार महिन्यांत तीन जण अतिमात्रेने मेले. तिघेही त्या ३७ जणांपैकी होते. ज्यांची केंद्राने ‘यशस्वी’ म्हणून नोंद केली असती, त्यांच्यापैकी.

आकडा लहान आहे, पण त्यामागचं कारण शरीरशास्त्रात आहे. रोज नशा करणाऱ्याचं शरीर हळूहळू मोठी मात्रा पचवायला शिकतं. याला टॉलरन्स म्हणतात. श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्रसुद्धा त्या मात्रेला सरावतं. उतार झाला की हा सराव काही दिवसांत जातो. ओढ मात्र जात नाही. महिन्याभराने एखाद्या संध्याकाळी जुना मित्र भेटतो, हात जुन्याच सवयीने जुनीच मात्रा घेतो आणि श्वासाचं केंद्र ती पेलू शकत नाही. टर्कीत निरोगी तरुण माणूस सहसा मरत नाही. (उलट्या-जुलाबांनी शरीर सुकलं आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर मात्र मरू शकतो.) टर्की संपल्यानंतर मरण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

हे कळायला इतका वेळ का लागला? कारण संशोधनाने सुरुवातीला प्रश्नच वेगळा विचारला होता. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनजवळ १९३५ साली सरकारने एक भलंमोठं केंद्र उघडलं. लोक त्याला ‘नार्कोटिक फार्म’ म्हणत, कारण तिथे खरोखरच शेती होती, गोठे होते. ते निम्मं इस्पितळ होतं आणि निम्मा तुरुंग. तिथल्या प्रयोगशाळेत क्लिफ्टन हिमेल्सबाख या डॉक्टरने टर्की मोजायची पद्धत बसवली: जांभया, घाम, बाहुल्यांचा आकार, वजनातली घट, या सगळ्याला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. आजही डॉक्टर टर्कीची तीव्रता गुणांत मोजतात, त्या पद्धतीचं मूळ तिथे आहे. पण त्या ज्ञानाची किंमतही सांगितली पाहिजे. हे प्रयोग कैद्यांवर झाले आणि एके काळी त्यांना सहभागाचा मोबदला म्हणून अंमली पदार्थच दिले जात. १९७५ साली अमेरिकी संसदेच्या सुनावणीत हे उघड झालं आणि लवकरच कैद्यांवरचे ते प्रयोग बंद पडले. व्यसनी माणसाची संमती नशा देऊन विकत घेणं हा अन्यायच होता. त्यातून उपयोगी ज्ञान मिळालं म्हणून तो पुसला जात नाही.

आणि त्या फार्मचा निकाल काय? १९६२ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिथून न्यूयॉर्कला परतलेल्या सुमारे १,९०० जणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पुन्हा व्यसनात गेले होते, तेही बहुतेक सहा महिन्यांच्या आत. स्वच्छ हवा, काम, खाणं, महिनोन् महिने नशेपासून दूर, एवढं सगळं देऊनही.

मग टर्कीच सोपी केली तर? १९७८ साली येल विद्यापीठातल्या मार्क गोल्ड, यूजीन रेडमंड आणि हर्बर्ट क्लेबर यांनी दाखवलं की रक्तदाबावरची क्लोनिडीन ही गोळी टर्की बरीच शांत करते. मेंदूच्या खोडात लोकस सेरुलिअस नावाचा पेशींचा एक ठिपका आहे. तो शरीराचा धोक्याचा भोंगा. अफू त्याला वर्षानुवर्षं दाबून ठेवते आणि तो दाब निघाला की भोंगा एकदम बेफाम वाजू लागतो. घाम, काटा, धडधड हा त्याचाच आवाज. क्लोनिडीन तो आवाज कमी करते आणि ती स्वतः अफूच्या कुळातली नाही. फार सुंदर शोध होता तो. त्याने आठ दिवस सुसह्य झाले, पण नवव्या दिवसाचं काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

वेगळा प्रश्न त्याआधीच न्यूयॉर्कमध्ये विचारला गेला होता. रॉकफेलर संस्थेतले व्हिन्सेंट डोल हे चयापचयाच्या आजारांचे संशोधक. मारी नायस्वांडर मनोविकारतज्ज्ञ. नायस्वांडर यांनी लेक्सिंग्टनला काम केलं होतं आणि तिथलं अपयश जवळून पाहिलं होतं. १९६४ साली या दोघांसोबत मेरी जीन क्रीक ही तरुण डॉक्टर काम करू लागली. आधी त्यांनी रुग्णांना मॉर्फिन देऊन पाहिलं. रुग्ण दिवसभर पुढच्या इंजेक्शनची वाट पाहत बसत आणि मात्रा वाढतच जाई. मग मेथाडोन दिलं. ते तोंडाने घ्यायचं आणि त्याचा परिणाम दिवसभर टिकायचा. तीच माणसं काही आठवड्यांत शिक्षणाबद्दल, नोकरीबद्दल बोलू लागली. १९६५ साली त्यांनी २२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ‘औषध अंगातून कधी निघेल’ याऐवजी ‘माणूस आयुष्यात कधी परत येईल’ असं विचारणारं ते पहिलं मोठं काम, असं मला वाटतं.

मेथाडोनमध्ये धोका आहे: मात्रा चुकली तर तेही श्वास थांबवू शकतं. म्हणून पुढे महत्त्व आलं ब्युप्रेनॉर्फिनला. इंग्लंडमधल्या हल शहरात रेकिट अँड कोलमन कंपनीच्या प्रयोगशाळेत वेदनाशामक म्हणून ते तयार झालं होतं. व्यसनावर ते चालेल, हे १९७८ मध्ये डोनाल्ड जासिन्स्की यांनी दाखवलं, आणि तेही लेक्सिंग्टनलाच. हे औषध मुंबईच्या लोकलमधल्या पक्क्या प्रवाशासारखं आहे. मेंदूतल्या अफूच्या जागेवर ते घट्ट बसतं, स्वतः फारसा गोंधळ करत नाही आणि हेरॉईन चढलं तरी त्याला जागा देत नाही. मात्रा कितीही वाढवली तरी त्याचा परिणाम एका मर्यादेपलीकडे जात नाही, म्हणून एकटं घेतलं तर श्वास थांबायचा धोका कमी. पण एक पथ्य असतं. गाडीत आधीपासून हेरॉईन बसलेलं असताना हे चढलं, तर ते त्याला धक्का देऊन उठवतं आणि तासाभरात भयंकर टर्की सुरू होते. म्हणून डॉक्टर पहिली गोळी देण्याआधी थोडी टर्की लागेपर्यंत थांबायला सांगतात. ते थांबवणं क्रूर वाटतं, पण त्यामागे हे कारण आहे.

आता स्टॉकहोम. साल पुन्हा २००३च. योहान काक्को, मार्कुस हायलिग आणि सहकाऱ्यांनी ४० हेरॉईनग्रस्त माणसं निवडली. स्वीडनच्या तेव्हाच्या कायद्यात मेथाडोन मिळण्याइतकं त्यांचं व्यसन जुनं नव्हतं. त्यांपैकी २० जणांना वर्षभर रोज १६ मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिन दिलं. उरलेल्या २० जणांना तेच औषध सहा दिवसांत कमी करत बंद केलं आणि पुढे तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. बाकी सगळं दोन्ही गटांना सारखं: गटउपचार, दर आठवड्याला समुपदेशन, आठवड्यातून तीनदा लघवीची तपासणी. वर्ष संपलं तेव्हा पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातलं कुणीही नाही. आणि दुसऱ्या गटातले चार जण मेले होते. पहिल्या गटात एकही मृत्यू नव्हता.

मी या आकड्यांपाशी दर वेळी थांबतो. उपचारात होते तोवर त्या चौघांनाही समुपदेशन मिळत होतं, तपासण्या होत होत्या. कमी होती फक्त एक गोळी.

‘‘पण ही तर एक नशा सोडवून दुसरी लावणं झालं!’’ हे मी असंख्य वेळा ऐकलं आहे, सुशिक्षित घरांत आणि डॉक्टरांच्या तोंडूनसुद्धा. माझं म्हणणं असं: शरीर एखाद्या औषधावर अवलंबून असणं वेगळं आणि माणूस त्यामागे फरफटत जाणं वेगळं. सकाळी गोळी घेऊन कामावर जाणारा, पगार घरी देणारा, पोराचा अभ्यास घेणारा माणूस नशेत नाही. अर्थात, अडचणी आहेत आणि त्या झाकू नयेत. आपल्याकडे ब्युप्रेनॉर्फिनचाच इंजेक्शनने गैरवापर झाला. त्याला आळा बसावा म्हणून गोळीत अफूचा परिणाम रोखणारं नालोक्सोन मिसळतात आणि वाटपावर सरकारी नियंत्रण ठेवतात.

भारतात ही गरज किती, तर सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेल्या पाहणीचा २०१९चा अहवाल सांगतो की अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी आहेत आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. पंजाबने २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत रोज डोळ्यांसमोर ब्युप्रेनॉर्फिन देणारी केंद्रं सुरू केली. महाराष्ट्रात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं ते गर्दच्याच लाटेत. तिथे पुन्हा घसरलेल्याला ‘स्लिप झाली’ म्हणतात, ती भाषा मला आवडते. तिच्यात दोष देणं नाही, परत ये असं सांगणं आहे. ‘गर्दुल्ला’ या शब्दात ते नाही, म्हणून तो मी या मालेत कुठेही वापरलेला नाही.

गोळी किती काळ घ्यायची? अमेरिकेत वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनावर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली आले. बारा आठवडे ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना ४९ टक्के रुग्ण नीट होते. मग ते हळूहळू कमी करत बंद केलं. त्यानंतर आठ आठवड्यांनी पाहिलं तर नीट असलेले उरले होते सुमारे ९ टक्के. म्हणून ‘तीन महिन्यांचा कोर्स’ असं कुणी सांगितलं तर घरच्यांनी न भांडता पण ठामपणे विचारावं, की चौथ्या महिन्यात याला कोण भेटणार आहे आणि कुठे.

(पुढच्या आठवड्यात : थांबलेला श्वास परत आणणारं नालोक्सोन)