नसबंदी, लस आणि चुकीच्या जागची भीती

घरात पिल्लू आलं की त्याच्या गळ्यात पट्टा पडायच्या आधी सल्ले येऊन पडतात. नसबंदी आणि लस या दोन बाबतींत तर प्रत्येकाकडे एखादा किस्सा तयार असतो: कुणाच्या तरी टॉमीला इंजेक्शन दिलं आणि तो गेला. दुसऱ्या बाजूला ‘काही होत नाही हो, शंभर टक्के सेफ’ म्हणणारेही असतात. दोघंही अर्धंच सांगतात. धोके आहेत, पण लोक ज्याला घाबरतात तिथे ते फारसे नसतात. जिथे असतात तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

‘मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मग करा ऑपरेशन.’

हा सल्ला मायेपोटी दिला जातो, म्हणून तो खोडून काढणं सगळ्यात अवघड. एकदा व्यायल्याने कुत्रीची तब्येत सुधारते, याला वैद्यकीय आधार नाही. उलट प्रत्येक माजानंतर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, आणि त्यात जंतू शिरले की पू साठतो. डॉक्टर याला पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमधल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी पाहिल्या, तर नसबंदी न झालेल्या दर चार-पाच माद्यांमागे एकीला वयाच्या दहा वर्षांच्या आत तो झालेला दिसतो. माज संपून काही आठवडे झालेले असतात. कुत्री पाण्याच्या भांड्यापाशी घुटमळायला लागते, जेवणाकडे पाठ फिरवते, सारखी शेपटीखाली चाटते. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, नुसतं पोट फुगतं. उपाय बहुतेक वेळा तोच, पिशवी काढणं. फक्त आता तो म्हातारपणी, अंगात विष भिनलेलं असताना करावा लागतो.

स्तनांच्या गाठींबद्दल मात्र नसबंदीच्या बाजूचे लोकही जरा जास्तच बोलतात. १९६९च्या एका अमेरिकी अभ्यासातले ०.५, ८ आणि २६ टक्के हे आकडे दवाखान्यांच्या भिंतींवर लागलेले असतात. ‘एका माजानंतर नसबंदी केली तर आठ टक्के माद्यांना कॅन्सर होतो’ असा त्यांचा अर्थ नाही. नसबंदी न केलेल्या मादीला जेवढा धोका, त्याच्या आठ टक्के, असा तो आहे. २०१२मध्ये अशा सगळ्या अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा पुरावा म्हणावा तितका भक्कम नाही असंच निघालं. फायदा बहुधा आहे, पण भिंतीवरच्या अक्षरांइतका ठळक नाही.

‘मग जितकं लवकर तितकं बरं.’

सरसकट नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने २०१३मध्ये गोल्डन रिट्रीव्हरच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांमध्ये खुब्याच्या सांध्याचा विकार, नसबंदी न झालेल्यांच्या दुप्पट आढळला. लैंगिक हार्मोन्समुळे हाडांची वाढ वेळेवर थांबते. हे हार्मोन्सच आधी काढून घेतले तर हाडं थोडी जास्त लांबतात आणि सांधे नीट जुळत नाहीत, असं त्याचं कारण मानतात. २०२०मध्ये त्याच मंडळींनी ३५ जाती तपासल्या, तेव्हा लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये असा वाढीव धोका दिसला नाही. म्हणून लॅब्रॅडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड घरात असेल तर ‘किती महिन्यांनी?’ हा प्रश्न डॉक्टरांशी बसून सोडवावा. मांजरीच्या बाबतीत उलट घाई बरी. ती चार-पाच महिन्यांची असतानाही माजावर येऊ शकते आणि पुढच्या दोन महिन्यांत पिल्लं हजर.

‘लठ्ठ होतो, राखण करायचं सोडतो.’

लठ्ठ होतो तो खाण्याने. ऑपरेशननंतर अन्नाची गरज कमी होते आणि आपण पोळी तेवढीच घालतो, वर चहातलं बिस्किट. भुंकणं, राखणं हे हार्मोन्सवर फारसं अवलंबून नाही. कमी होतं ते भटकणं आणि खांबाखांबावर पाय वर करणं. मात्र मुळात भित्रा असलेला कुत्रा नसबंदीने धीट होत नाही, कधी कधी जास्त बिथरतो. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींच्या, पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. बहुतेकींना त्यावर औषध लागू पडतं, पण हे आधी सांगायला हवं आणि फार थोडे सांगतात.

‘भूल दिली की उठेल याची खात्री काय?’

ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत निरोगी कुत्र्यांमध्ये साधारण दोन हजारांत एक आणि मांजरांमध्ये नऊशेंत एक मृत्यू भुलीशी जोडला गेला. शून्य नाही. पण घरच्यांच्या हातात असलेला धोका वेगळाच असतो. रात्रीपासून उपाशी आहे बिचारा, म्हणून आजी सकाळी गुपचूप दूध-पोळी देते. भुलीत उलटी झाली की ती फुप्फुसात जाते. आणि घरी आणल्यावर ‘गळ्यातलं ते नरसाळं त्याला टोचतं’ म्हणून कॉलर काढतात. रात्रभर चाटून टाके सुटायला तेवढं पुरतं.

‘लसच बाधते.’

२००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बारा लाखांहून अधिक कुत्रे होते. लसीनंतर तीन दिवसांत त्रास झाल्याची नोंद दर दहा हजारांत ३८. कुत्रा जितका छोटा आणि एका भेटीत लसी जितक्या जास्त, तितकी रिअ‍ॅक्शनची शक्यता वाढत गेली. म्हणून पॉमेरेनियनला एकाच दिवशी सगळं टोचून घेऊ नका, आणि लस झाल्यावर लगेच रिक्षा न पकडता अर्धा तास दवाखान्यातच बसा. तोंड सुजलं तर डॉक्टर समोर असतील. मांजरांमध्ये इंजेक्शनच्या जागी क्वचित कॅन्सरची गाठ होते. म्हणूनच आता बरेच डॉक्टर मानेऐवजी पायात खाली टोचतात. टोचल्यावर आलेली गाठ तीन महिने टिकली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढतच राहिली, यांतलं एक जरी झालं तरी तपासायची.

‘लस देऊनही पार्वो झाला’ ही तक्रार बहुतेकदा खरी असते, कारण मात्र वेगळं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाही निकामी करते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे पिल्लागणिक बदलतं. म्हणून डोस सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. दोन डोसांवर थांबलेलं पिल्लू अर्धवटच सुरक्षित असतं. लस फ्रिजबाहेर राहिली असेल तर लसीकरणाच्या पुस्तिकेतला शिक्काही काही कामाचा नाही. निदान कोणती लस दिली याची नोंद राहावी म्हणून कुपीवरचं स्टिकर पुस्तिकेत चिकटवून मागावं.

दरवर्षी सगळ्याच लसी लागतात असंही नाही. पार्वो, डिस्टेंपरच्या चांगल्या लसी पहिल्या वर्षानंतर तीन वर्षं पुरतात. लेप्टोची मात्र दरवर्षी लागते, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तिला पर्याय नाही.

राहिला रेबीज. ‘आमच्याला लस दिलीये, तो चावला तरी काही होत नाही’ म्हणून जखमेवर हळद दाबणारे आहेत, आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील म्हणून दवाखाना टाळणारेही. चौदावाली लस भारतात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आताची लस दंडात, चार-पाच भेटींत देतात. कुत्रा घरचा असो वा रस्त्यावरचा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. कुत्र्याची लसीकरणाची पुस्तिका सोबत न्या. पण ती सापडत नाही म्हणून घरी थांबू नका.