माती देऊन आल्यानंतर

आजचं बोलणं आम्ही आमच्याच एका चुकीपासून सुरू करतो.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचे मालक गेल्या पावसाळ्यात वारले. ताई ख्रिस्ती आहेत. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, ख्रिस्ती घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बांधाला बांध लागून शेतं आहेत, पाण्याच्या टँकरपाशी हंडे एकाच रांगेत लागतात. तरी त्यांच्या मयताला आम्ही बहुतेक जणी पहिल्यांदाच गेलो. तिथं बाजाची पेटी होती, तबला होता, भजन चाललं होतं. चाल आपल्या अभंगाचीच. मग दफनभूमीत प्रत्येकानं मूठमूठ माती दिली. आमच्यातली एक जण ताईंच्या गळ्यात पडून म्हणाली, "त्यांना पुढचा जन्म चांगला मिळू दे." ताई काही बोलल्या नाहीत.

बाराव्या दिवशी गटाची बैठक होती. ताई वेळेवर आल्या, हप्ता भरला, वहीत सही केली. त्या गेल्यावर कुजबुज झाली. "हिला काही वाटतंय का नाही? डोळ्यांत पाणी नाही, दहावं नाही, तेरावं नाही." ही कुजबुज करणाऱ्यांत आम्हीही होतो. ती ताईंच्या कानावर गेली आणि पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत.

मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. चुकलं म्हणून सांगितलं आणि विचारलं, तुमच्यात मेलेल्या माणसाचं नेमकं काय होतं असं मानतात? त्या दुपारी जे बोलणं झालं ते रेडिओवर सांगायला ताईंनी परवानगी दिली. नाव घेऊ नका म्हणाल्या, म्हणून घेत नाही.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती रडण्याची. त्या रोज रडतात. अजूनही हात चुकून दोघांच्या भाकरीचं पीठ घेतो. ख्रिस्ती माणसानं रडू नये असं कुठंच सांगितलेलं नाही. लाजर नावाचा मित्र वारला तेव्हा येशू स्वतः रडला, हे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं त्याचा अर्थ एवढाच, की दुःख करा, पण ज्यांना काही आशाच नाही त्यांच्यासारखं करू नका.

ही आशा कसली, ते समजून घ्यायला आम्हाला वेळ लागला, कारण आमच्या डोक्यात आपलंच चित्र होतं. आपण मानतो की आत्मा अमर आहे, तो जुनं शरीर टाकून नवं घेतो. ख्रिस्ती श्रद्धा तशी नाही. तिच्यात माणसाला जन्म एकच. देव एक दिवस मेलेल्यांना उठवील, आणि नुसता आत्मा नाही तर अख्खा माणूस उठेल, नव्या शरीरासह. याला ते पुनरुत्थान म्हणतात. म्हणून थडग्यांवर पुष्कळदा मेलं असं न लिहिता प्रभूमध्ये झोपी गेले असं लिहितात. इंग्रजीत दफनभूमीला जो सिमेटरी शब्द आहे, तो ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थच झोपायची जागा असा आहे.

आम्ही विचारलं, कुजलेलं शरीर उठणार कसं? ताई म्हणाल्या, हा प्रश्न करिंथच्या लोकांनीही विचारला होता. पौलानं उत्तर दिलं ते बियाण्याचं. पेरतो तो दाणा आणि उगवतं ते रोप एकसारखं दिसतं का? ज्वारीचा दाणा केवढासा, आणि ताट होतं माणसापेक्षा उंच. पण दाणा हरभऱ्याचा असेल तर ज्वारी येत नाही. माणूस तोच राहतो, रूप नवं मिळतं. शेतात राबणाऱ्या बाईला हे चटकन पटतं.

(पुरलंच पाहिजे असा मात्र नियम नाही. कॅथलिक चर्चनं १९६३ साली दहनालाही मोकळीक दिली.)

या सगळ्याचा आधार एकच, येशू स्वतः मरणातून उठला ही श्रद्धा. आणि इथं आम्हा बायकांना एक गोष्ट फार आवडली. येशूला कबरेत ठेवल्यानंतर रविवारी पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कोण गेलं? बायका. पुरुष शिष्य दारं लावून बसले होते. कबर रिकामी आहे हे आधी बायकांनी पाहिलं, आणि योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे उठलेला येशू पहिल्यांदा दिसला तो मरीया मग्दालियाला. तिनं जाऊन सांगितलं तर लूक लिहितो की पुरुषांना त्या बायकांचं बोलणं बरळणं वाटलं. हे ऐकून आम्ही सगळ्या हसलो, ताईसुद्धा.

दुसरी गोष्ट आम्हाला अगदीच नवी होती. सार्वकालिक जीवन म्हणजे मेल्यावर मिळणारं काहीतरी, असं आम्ही धरून चाललो होतो. ताई म्हणाल्या, नाही, ते आत्ता सुरू होतं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू प्रार्थनेत सांगतो की देवाला ओळखणं हेच सार्वकालिक जीवन. म्हणजे चूल पेटवताना, शेळी बांधताना, हप्ता भरताना देव जवळ आहे हे जाणून वागायचं. मरण आलं तरी ती सोबत तुटत नाही, एवढंच. आम्हाला जनाबाई आठवली. तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागतो, तेही देव जवळ असणंच. दोन्ही श्रद्धा एक नाहीत, ताईंनीही तसं म्हटलं नाही, पण आपल्याला तिथून ही गोष्ट कळायला सोपी जाते. नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मयताला अभंगाची चाल का ऐकू आली, ते तेव्हा उमगलं. टिळकांनी अभंग-ओव्यांत ख्रिस्ती भजनं रचली आणि ती आजही मंडळीत गातात.

आमच्यातल्या हिशेब लिहिणाऱ्या बाईनं तिच्या परीनं विचारलं. म्हणजे पुण्य जमा केलं की स्वर्ग? ताई म्हणाल्या, उलट आहे. आमचं कर्ज येशूनं फेडलं असं आम्ही मानतो, हप्त्यांनी ते फिटणारंच नव्हतं. मग चांगलं वागायचं कशाला? ताई म्हणाल्या, "आईनं सांडलेलं दूध माफ केलं म्हणून तू दुसऱ्या दिवशी मुद्दाम तांब्या लवंडतेस का?"

ताईंच्या पणजी केडगावला वाढलेल्या. नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन आहे ते. पणजीला तिथं दुष्काळात आणून सोडलं होतं. त्यामुळे ताईंच्या घरात रमाबाईंचं नाव आजीसारखं घेतात. हे आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण मरण आणि आशा यांबद्दल बोलायचा अधिकार रमाबाईंइतका फार थोड्यांना असेल.

रमाबाई जन्मल्या १८५८ साली. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि रमाबाई आईकडून शिकल्या. कुटुंब तीर्थयात्रा करत फिरायचं. १८७० नंतरच्या दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. आईला न्यायला चार खांदेकरीही मिळेनात. दोन माणसं कशीबशी आली, तिसरा भाऊ, चौथी रमाबाई. उंची कमी, म्हणून तिरडीचा दांडा त्यांनी खांद्याऐवजी डोक्यावर घेतला. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. रमाबाई तेव्हा चोविसाच्याही नव्हत्या, आणि पदरात मनोरमा, वर्षाचीही नव्हती.

पुढं १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून आणि त्यांच्या शारदा सदनावरून पुण्यात मोठे वाद झाले. ते आज इथं उगाळत बसत नाही. त्या श्रद्धेनं त्यांच्या हातून काय करवलं ते पाहू. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली-बायका गाडीत बसवून घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, माग घातले, छापखाना काढला. १९०० च्या सुमारास तिथं दीड हजाराहून जास्त जणी होत्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. विधवेचं तोंड सकाळी पाहू नये म्हणणाऱ्या काळात तिथल्या विधवा खिळे जुळवून पुस्तकं छापत होत्या.

उतारवयात त्यांनी सगळं बायबल मराठीत आणायला घेतलं. आधीचं भाषांतर होतं, पण त्यातली जड संस्कृत शब्दांची भाषा साध्या बाईला कळत नाही असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ साली मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. संस्था तिच्या हाती द्यायची होती. ऐकू येईनासं झालेली म्हातारी आई त्यानंतरही मुद्रितं तपासतच राहिली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. ते बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यात छापून झालं.

लेकीला पुरून आल्यावर कामाला बसणं हे मन दगडाचं असल्याचं लक्षण असतं का? बैठकीत सही करणाऱ्या ताईंबद्दल आम्ही तसंच म्हटलं होतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. या आशेचा वापर बाईला गप्प करायलाही होतो. नवरा मारतो तर सोस, स्वर्गात सुख आहे. आजारी आहेस तर नुसती प्रार्थना कर, दवाखाना नको. असं बोलणारे ख्रिस्ती घरांतही आहेत आणि आपल्या घरांतही वेगळ्या शब्दांत आहेतच. ताईंना यावर राग आला. येशू आजाऱ्यांना बरं करत हिंडला, भुकेल्यांना जेवू घातलं, तो मार सोसत बस असं सांगेल का, त्या म्हणाल्या. त्यांच्या मालकांना शेवटपर्यंत सरकारी दवाखान्यात डायलिसिस चालू होतं. प्रार्थनाही चालू होती.

आणखी एक. मयताच्या दिवशी शेजारच्या एका आजीनं ताईंच्या बांगड्या फोडायला हात पुढं केला होता. ताईंच्या सासूनं तो हात धरला. ख्रिस्ती घरांतही ही रीत काही ठिकाणी चालते, नाकारून उपयोग नाही. पण त्या दिवशी म्हाताऱ्या सासूबाई म्हणाल्या, माझा पोरगा झोपलाय, हिनं काय पाप केलंय? बांगड्या अजून हातात आहेत.

निघताना ताईंनी ईस्टर कधी येतो ते सांगितलं. २१ मार्चच्या सुमारास किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार. त्यामुळे तारीख दरवर्षी बदलते, आपल्या सणांसारखीच. त्यांच्या मंडळीची त्या दिवशी उजाडायच्या आत दफनभूमीत उपासना असते. तुम्हीपण या म्हणाल्या, फक्त चहा घरून पिऊन या, तिथं मिळायला उशीर होतो. आम्ही सात जणींनी नावं दिली आहेत. त्या रविवारची गटाची बैठक सकाळी नऊऐवजी अकराला ठेवली आहे.