नाल्याजवळ अडलेला नकाशा

आमच्याकडे काहीही अडलं की पहिला दोष नेटला. गडचिरोलीत ते खोटंही वाटत नाही. 14,412 चौरस किलोमीटरचा जिल्हा, त्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास भाग जंगलाखाली. रेंज हवी असेल तर कोणत्या वळणावर जाऊन उभं राहायचं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. म्हणून लॅपटॉपवरचा नकाशा रखडला तेव्हा मीही तेच म्हटलं, "नेट नाही." या दोन शब्दांपायी एका गावाचे दोन महिने वाया गेले. म्हणूनच हे लिहिते आहे.

मी धानोरा तालुक्यात ग्रामसभांसाठी नकाशे करते. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात हा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. पुढे 2012 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळवला. पण हक्काचा कागद हातात आला की खरं काम सुरू होतं. बांबू कुठून तोडायचा, कुठला भाग चराईला बंद ठेवायचा, वणव्यासाठी जाळरेषा कुठून न्यायची, याचा आराखडा गावानंच करायचा असतो. त्यासाठी लोक फोनमधलं जीपीएस चालू ठेवून शिवेवरून चालतात आणि त्यांच्या चालण्याची रेघ मी उपग्रहाच्या चित्रावर बसवते. इस्रोचं भुवन आणि गुगल अर्थ, दोन्ही ब्राउझरमध्ये उघडतात. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, हा आमच्यासारख्यांना मोठाच आधार.

त्या दिवशी गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, सभा होती. शेजारच्या गावाशी शिवेचा प्रश्न होता आणि दोन्हीकडची म्हातारी माणसं आली होती. प्रोजेक्टर नेला होता, पण लॅपटॉप त्याला ओळखेचना. मग पंधरा-वीस जण लॅपटॉपभोवतीच दाटीनं बसले. नकाशा उघडला. बोडी, म्हणजे गावतळं दिसलं, बोडीखालचा नाला दिसला. मी नकाशा पुढे सरकवला आणि तो थिजला. थोड्या वेळानं एकदम उडी मारून भलत्याच ठिकाणी गेला. परत मागे आणला, परत तेच. एक आजोबा डोळे बारीक करून बघत होते. त्यांना बोडी सापडली होती, पण बोडीपासून नाल्यानं खाली यायच्या आत चित्र हातातून निसटायचं. तीन-चार वेळा असं झाल्यावर ते मागे सरून भिंतीला टेकले. "राहू दे ताई," म्हणाले, "नेट आलं का मग पाहू." लोक उठले. पुढची सभा दोन महिन्यांनी ठरली.

घरी आल्यावर एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. नेट कमी असलं की नकाशाचे चौकोन पांढरे किंवा धुरकट राहतात. उपग्रहाचं चित्र लहान लहान चौकोनांत तुटून येतं, बहुतेक नकाशांत 256 गुणिले 256 ठिपक्यांचा एक चौकोन असतो, आणि नेट संथ असलं तर तो चौकोन उशिरा भरतो. गोटुलात मात्र चौकोन भरलेले होते, चित्र स्वच्छ होतं, फक्त हलताना अडत होतं. मी एक साधी परीक्षा केली. एक परिसर पूर्ण उघडू दिला, मग वायफाय बंद केलं आणि तेवढ्याच भागात नकाशा मागेपुढे सरकवला. आता नेटचा काही संबंधच नव्हता. तरी नकाशा तसाच धक्के खात चालला. दोष लॅपटॉपातच होता.

पडद्यावर चित्र हलतं म्हणजे काय होतं, ते सांगते. साध्या लॅपटॉपचा पडदा 1366 गुणिले 768 ठिपक्यांचा, म्हणजे दहा लाखांहून जास्त ठिपके. चित्र गुळगुळीत सरकायचं तर ते सेकंदाला 60 वेळा नव्यानं रंगवावे लागतात. एका सेकंदात सहा कोटींहून जास्त ठिपके! तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, पुडे मोजणारा दिवाणजी हुशार असतो, हिशेब चोख ठेवतो. पण रानातली सगळी पानंही त्यानंच तोडावीत म्हटलं तर हंगाम निघून जाईल. पानं तोडायला शेकडो हात लागतात. लॅपटॉपातला मुख्य प्रोसेसर हा तो दिवाणजी आणि ग्राफिक्स चिप, म्हणजे जीपीयू, हे ते शेकडो हात. एकेक काम साधं, पण सगळी एकाच वेळी.

पण चिपपर्यंत काम पोचवायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो. आमच्या भागात कचेरीतला माणूस मराठीत बोलतो आणि गावातली म्हातारी माडियात. मधे दुभाषी लागतो. विंडोज आणि ब्राउझर एका भाषेत बोलतात, चिप दुसऱ्या भाषेत. मधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. तो जुना असला तर नवे शब्द त्याला कळत नाहीत, कधी चुकीचा अर्थ सांगतो. क्रोम ब्राउझरकडे तर अशा बिनभरवशाच्या ड्रायव्हरांची यादीच असते. यादीतला ड्रायव्हर दिसला की क्रोम चिपला काम देणं थांबवतं आणि सगळी रंगरंगोटी प्रोसेसरकडे सोपवतं. नकाशा दिसतो, पण रांगत चालतो. आपल्याला काही कळत नाही, कारण चूक झाली असा निरोप पडद्यावर येत नाही.

मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. नकाशा सरकवला की प्रोसेसरचा आकडा शंभर टक्क्यांना भिडायचा. जीपीयूचा आलेख तर तिथे नव्हताच. मग क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम', कोलन, दोन तिरक्या रेघा आणि 'जीपीयू' असं इंग्रजीत टाइप केलं. एक लांबलचक पान उघडलं. बहुतेक ओळींपुढे 'सॉफ्टवेअर ओन्ली' लिहिलेलं. शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडलं, तर तिथे माझ्या चिपचं नावच नाही. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर', तारीख 21 जून 2006.

ती तारीख बघून मी थबकले. ज्या वर्षी वनहक्क कायदा संसदेत मंजूर झाला, त्या वर्षीचा ड्रायव्हर माझ्या लॅपटॉपात? नंतर कळलं की विंडोजसोबत येणाऱ्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर मायक्रोसॉफ्ट मुद्दामच ही एक तारीख टाकतं, म्हणजे चिप बनवणाऱ्याचा कुठलाही ड्रायव्हर त्यापेक्षा नवा ठरतो आणि त्याला प्राधान्य मिळतं. हा बेसिक ड्रायव्हर तात्पुरता असतो, पडदा नुसता उजळावा एवढ्यापुरता. लॅपटॉप फॉरमॅट करून देणाऱ्यानं खरा ड्रायव्हर टाकलाच नव्हता. प्रोजेक्टर का लागला नाही, पडद्याचा उजेड कमीजास्त का होत नव्हता, तेही तेव्हाच उमगलं. मी ती सगळी निरनिराळी दुखणी समजत होते.

उपाय मोठा नव्हता. लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक लिहून घेतला, बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवर जाऊन त्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर रात्री उतरवला, टाकला, लॅपटॉप बंद करून सुरू केला. विंडोज अपडेटमध्ये 'ऑप्शनल अपडेट्स'खालीही कधी कधी तोच मिळतो. 'तुमचे सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट करा' म्हणणाऱ्या जाहिरातींना मात्र हात लावू नका. त्यातून नको ते प्रोग्राम आत शिरतात, आणि ग्रामसभेची कागदपत्रं त्याच लॅपटॉपात असतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'खाली ग्राफिक्स ॲक्सेलरेशनचं बटण चालू आहे ना, तेही बघा.

प्रत्येक यंत्राला हा उपाय लागू पडेल असं नाही. चंद्रपूरच्या एका मैत्रिणीकडे विंडोज 7 चा संगणक आहे. त्यावर चालणारं शेवटचं क्रोम 109, 2023 च्या सुरुवातीचं. तिच्या चिपसाठी नवा ड्रायव्हर निघणंच थांबलंय. तिथे मी बिनभरवशाच्या ड्रायव्हरांची यादी डावलायची क्रोममधली युक्ती करून पाहिली, तर पडद्यावर आडवे पट्टे आले आणि शिवेच्या रेघा दिसेनाशा झाल्या. ती युक्ती तशीच मागे घेतली. तिथे आता त्रिमितीय दृश्य बंद ठेवून साधा सपाट नकाशा वापरतो, खिडकी लहान करतो म्हणजे रंगवायचे ठिपके कमी होतात, आणि बाकीचे टॅब मिटवतो. काम निभतं.

दुसऱ्या सभेला प्रोजेक्टर लगेच लागला. गोटुलाच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणून बांधलं होतं. आजोबा पुढे येऊन बसले. बोडीपासून नाल्यानं खाली, एका दमात, नकाशा त्यांच्या नजरेबरोबर सरकत गेला. एका वळणावर त्यांनी हात वर केला. "थांब." उठून धोतराजवळ गेले आणि बोट टेकवलं. तिथे मोहाच्या झाडांचा पुंजका होता. आमची जीपीएसची रेघ नाल्याच्या अलीकडच्या काठानं गेली होती. शेजारच्या गावच्या म्हातारबाईंकडे वळून त्यांनी माडियात काहीतरी विचारलं. बाईंनी मान डोलावली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "शीव पलीकडच्या काठानं आहे. पाण्याच्या वेळी चालले असतील पोरं, नाला ओलांडला नसेल."

मी रेघ पुसली आणि नाल्यापलीकडून, ते बोट फिरवत होते तशी, पुन्हा काढायला घेतली.