स्वस्त शिकारी रायफलीची निवड : ३१५ बोअर आणि मुंबईची उपनगरे

प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडा मागे ओढून रिकामे काडतूस बाहेर टाकावयाचे आणि तोच दांडा पुढे ढकलून नवे काडतूस नळीत बसवावयाचे, अशी रचना ज्या रायफलीत असते तिला बोल्ट-ॲक्शन रायफल म्हणतात. हलते भाग थोडे असल्यामुळे ती टिकाऊ व तुलनेने स्वस्त असते. भारतात या वर्गातील विशेष परिचित रायफल ३१५ बोअरची होय.

हा आकडा इंचाच्या सहस्रांशांत सांगितलेला व्यास असून तो ८ मिलिमीटर भरतो. हे काडतूस मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे. ते येथे रुजले याचे कारण मात्र राज्यकारभारात सापडते. सैन्याचे ३०३ बोअरचे काडतूस नागरिकांच्या हाती पडू नये, असे ब्रिटिश सरकारचे धोरण होते. तेव्हा ली पद्धतीच्या लष्करी यंत्ररचनेस ८ मिलिमीटरची नळी जोडून शिकारी रायफली तयार झाल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारी शस्त्रनिर्माणींनी तीच परंपरा चालविली.

निवड करताना केवळ किंमत पाहून भागत नाही. ज्या बोअरची काडतुसे परवान्यावर सहज मिळतील, तीच रायफल अखेरीस स्वस्त पडते. ३०-०६ चे काडतूस अधिक वेगवान आहे. त्याची गोळी लांब अंतरावर कमी खाली येते. परंतु झाडीतील अल्प अंतरावर या गुणाचा विशेष उपयोग होत नाही. जुनी रायफल घेताना आणखी एक गोष्ट तपासणे अवश्य आहे. ३१५ च्या काडतुसास बुडाशी कडा असते व त्या कडेवर ते नळीच्या तोंडाशी टेकते. बोल्ट झिजला म्हणजे कडेमागील मोकळी जागा वाढते, आणि बार उडताना पितळी कोश फाटण्याचा संभव असतो. जाणत्या शस्त्रकाराकडून ही जागा मापून घ्यावी. नळीतील सर्पिल खाचा गंजलेल्या नाहीत, व दस्ता खांद्यास नीट बसतो, हेही पाहावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न प्रयोजनाचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपुष्टात आणली. पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यास मारण्यासही वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी अनुज्ञा लागते. रायफल बाळगण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवाना हवा. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास दोनच बंदुका ठेवता येतात.

उपनगरांतील रहिवाशास आणखी एक अट लागू पडते. वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून नवा शस्त्रपरवाना देता येत नाही. ३५ व्या कलमाने ही तरतूद राष्ट्रीय उद्यानांसही लागू आहे. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे असून बोरिवली व मुलुंड त्यास लागूनच आहेत. अंधेरी व घाटकोपर यांचाही बहुतेक भाग या अंतरात येतो. उद्यानात पूर्वपरवानगीवाचून शस्त्र घेऊन जाणे निषिद्ध आहे.

तात्पर्य, गावाकडील शेतीचे रक्षण किंवा नेमबाजीचा सराव यांपैकी कोणते प्रयोजन कायद्यास मान्य होईल, हे उपनगरवासीयाने प्रथम ठरवावे, परवाना मिळवावा आणि मगच रायफलीची किंमत विचारावी. हा क्रम उलटल्यास अत्यंत स्वस्त रायफलही महाग पडते.