लेक सहा महिने परदेशी शिकायला निघते तेव्हा



मागच्या महिन्यात फुलंब्रीकडच्या एका गटाची बैठक संपली आणि एक ताई मागं थांबल्या. म्हणाल्या, "ताई, लेकीचं नाव सहा महिने जर्मनीला शिकायला जायच्या यादीत आलंय. तिचे वडील नको म्हणतात. इथलं शिक्षण अर्धवट राहील, पैसा बुडेल, अशी धास्ती आहे. गटातून कर्ज मिळेल का?"

मी म्हटलं, कर्जाचं नंतर. आधी हे काय असतं ते बघू.

याला विद्यार्थी देवाणघेवाण म्हणतात. दोन विद्यापीठांचा करार असतो. लेक तिकडे एक सत्र शिकते आणि परत येते. तिचं नाव इथल्या कॉलेजातून कमी होत नाही, पदवीही इथलीच मिळते. फी बहुधा इथेच भरायची असते, तिकडे वेगळी नसते. युरोपात 'इरॅस्मस' नावाची अशी योजना १९८७ साली सुरू झाली. आता तिच्यात भारतातल्या मुलामुलींचीही निवड होते आणि त्यांना प्रवासासाठी मदत व दरमहा भत्ता मिळतो. पण प्रत्येक करारात भत्ता असतोच असं नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा.

भत्ता नसेल तर विमानाचं तिकीट, खोलीभाडं, जेवण आणि विमा घरचा. पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये. व्हिसाचा खर्च वेगळा. भत्ता असला तरी तो हातात पडेपर्यंत थोडी रक्कम जवळ लागते.

दुसरा प्रश्न परीक्षेचा. जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं. म्हणजे आपल्याकडची एक परीक्षा आणि पुढच्या सत्राची सुरुवात त्यातच येते. तिकडे कोणते विषय घ्यायचे, त्यांचे गुण इथे कसे धरायचे, राहिलेली परीक्षा कधी द्यायची, हे जाण्याआधी कागदावर हवं. त्यावर दोन्हीकडच्या सह्या हव्यात. तोंडी "होऊन जाईल" चालणार नाही.

कागद वाचूनच सही करावी. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेव्हा परत येऊन दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची, अशी अट त्यांच्या करारात होती. पुढे १९५० साली त्यांनीच आपल्या शहरात कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. तिकडे मिळवलेली विद्या अशी आपल्या दारी आली.

आणखी एक. "जागा पक्की करतो, आधी पैसे भरा" असं कुणी बाहेरचा माणूस म्हणाला तर थांबा. देवाणघेवाण कॉलेजमार्फतच होते. नाव यादीत आहे का, ते विभागात जाऊन स्वतः विचारा.

आता कर्ज. गटाचा पैसा शेळी, शिलाई, दुकान यांसाठी फिरता ठेवलेला असतो. एवढी मोठी रक्कम एकीनं उचलली तर बाकीच्या अडतात. आधी भत्ता, मग घरची बचत. त्यातूनही कमी पडलं तरच थोडी रक्कम गटातून, आणि तीही सगळ्यांच्या संमतीनं.

त्या ताई लेकीला आणि तिच्या वडिलांना घेऊन कॉलेजात गेल्या. परीक्षेचा प्रश्न वडिलांनीच विचारला. कागद मिळाल्यावर ठरवू, असं ते आता म्हणतात. "नको" वरून ते "बघू" वर आलेत.

तुमच्याही गावात अशी एखादी लेक असेल. तिला नाही म्हणण्याआधी एकदा तिच्यासोबत कॉलेजात जाऊन या.