बटण कुणाचं, हुकूम कुणाचा?

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की वाटेत वळसंग लागतं. या पट्ट्यात सोलापुरी चादर नसलेलं घर शोधून दाखवा! पुढच्या खेपेला ती अंगावर ओढण्याआधी नक्षीकडे नीट बघा. पडद्यावरचं बटण आणि त्यानं करायचं काम यांची गाठ मारण्याला ॲपवाले ‘कमांड बाइंडिंग’ म्हणतात. मागावर हा उद्योग दोन शतकं चाललाय, आणि चादरीवरची नक्षी त्यातूनच उतरते.

फ्रान्समधल्या लियॉं शहरच्या जोसेफ मारी जॅकार्डनं 1804 च्या सुमारास छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवली. जिथे छिद्र, तिथे सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहून वर उचलला जातो आणि ताण्याचे धागे घेऊन येतो. छिद्र नसलं की सुई मागे ढकलली जाते, आकडा निसटतो, धागे खालीच. मग धोटा पळतो. एका पुठ्ठ्यामागे एक आडवा धागा. मोराऐवजी कमळ हवंय? माग तोच ठेवा, पुठ्ठे बदला.

गणिती चार्ल्स बॅबेजनं आपल्या ‘ॲनालिटिकल इंजिन’ या गणनयंत्रासाठी हीच युक्ती उचलली. त्याच्याकडे जॅकार्डचं रेशमात विणलेलं चित्र होतं. ते विणायला लागलेले पुठ्ठे? सुमारे 24,000!

ॲपमध्ये बटण आणि काम जोडण्याचा आळशी रस्ता म्हणजे प्रत्येक बटणाच्या पोटात कोड कोंबणं. ‘सेव्ह’ मेनूत आहे, वरच्या पट्टीवर आहे, कंट्रोल-एसवरही आहे. एका जागी दुरुस्ती केली, दोन विसरल्या, की ग्राहकाचा फोन आलाच. त्यापेक्षा हुकूम एकदाच लिहावा आणि तिन्ही जागा त्याला बांधाव्यात. चौघांनी मिळून लिहिलेल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ (1994) या गाजलेल्या पुस्तकात याला ‘कमांड पॅटर्न’ म्हटलंय. गंमत अशी, की हुकूम ही सुटी वस्तू झाली की ती जपून ठेवता येते. ‘अन्डू’ बऱ्याचदा या जपलेल्या हुकमांवरच चालतं.

मायक्रोसॉफ्टच्या 2006 मधल्या डब्ल्यूपीएफ या ॲप बांधायच्या चौकटीत तर हुकमालाच विचारतात: ‘आत्ता करता येईल का?’ उत्तर ‘नाही’ आलं की बटण आपोआप करडं पडतं. परिस्थिती बदलल्याची वर्दी मात्र कुणीतरी द्यावी लागते. ती राहिली तर अर्ज पूर्ण भरूनही बटण करडंच! बिचारा माणूस इंटरनेटला शिव्या घालतो.

याच धर्तीचं यंत्र आपण सगळे मतदानाला वापरतो. वळसंग असो वा वरळी, मतदानयंत्रावरचं निळं बटण आधी मुकं असतं. अधिकारी कंट्रोल युनिटवरचं ‘बॅलट’ दाबतो, तेव्हा ते जागं होतं. एक मत पडलं की पुन्हा कुलूप. त्यानंतर कितीही वेळा दाबा, अधिकारी पुढच्या मतदारासाठी ‘बॅलट’ दाबेपर्यंत काही होणार नाही. मत कुणाला गेलं हे दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी तेवढी सात सेकंद काचेआड दिसते. दाबणारा एक आणि आत्ता दाबणं चालेल का हे ठरवणारा दुसराच, ही रचना मला कुठल्याही ॲपपेक्षा सरस वाटते.

हुकूम कळफलकावरच्या कळांनाही बांधले जातात. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट हे कळांचं त्रिकूट आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडलीचं. चुकून एका हातानं दाबली जाऊ नये म्हणून कळा मुद्दाम लांब निवडलेल्या.

आणि मराठी टंकताना? इन्स्क्रिप्ट मांडणीत इंग्रजी ‘के’च्या कळीला क बांधलाय, शिफ्टसह ख. भाषा बदलून कानडी घ्या, तीच कळ कानडी क देते. तेलुगू घ्या, तेलुगू क. तिन्ही भाषा कानावर पडणाऱ्या सोलापुरात बोटांना एकच मांडणी पुरते.