पिलूं नर आणावें कीं मादी?

मावळांत शिरगांव-सोमाटण्याकडे घर केलें, अंगण मिळालें, कीं राखणीस कुत्रें हवेंसें वाटतें. आणि लागलीच प्रश्न येतो, पिलूं नर आणावें कीं मादी? बहुतेक यजमान 'मादी नको' म्हणून मोकळे होतात.

मादी साधारणतः वर्षांतून दोन वेळां माजावर येते, आणि माज सुमारें ३ आठवडे टिकतो. तेवढ्या काळांत गांवांतले नर कुंपणाशीं गोळा होतात. फाटक क्षणभर उघडें राहिलें, तर सुमारें ६३ दिवसांनीं ओसरीवर पिलांची रांग! नराला असा ऋतु नाहीं खरा. पण शेजारची मादी माजावर आली कीं तो कुंपण ओलांडून धांवतो, आणि शिरगांवाजवळून तर द्रुतगति मार्ग जातो. खांबाखांबावर मूत्र शिंपडण्याची त्याची खोड ती निराळीच.

राखणींत दोघांत डावेंउजवें करणें कठीण. आईबापांचा स्वभाव आणि पहिल्या कांहीं महिन्यांतली शिकवण यांचें वजन अधिक. मादीचें अंडाशय व गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढलें म्हणजे माज थांबतो, आणि गर्भाशयांत पू होण्याचें जीवघेणें दुखणेंहि टळतें. नराची शस्त्रक्रिया त्याहून सोपी. योग्य वय पशुवैद्यांस विचारावें.

नाकारलेली मादी पुष्कळदां रस्त्यावर सोडली जाते, आणि तिचींच पिलें पुढें गांवभर उपाशी हिंडतात. म्हणून शस्त्रक्रियेचा खर्च सोसणाऱ्या घरास मी मादीच सुचवीन. पिलूं मात्र ८ आठवड्यांच्या आंत आईपासून तोडूं नये. रेबीजची पहिली लस सुमारें तिसऱ्या महिन्यांत टोंचून घ्यावी.